छोट्या चहा उत्पादकासोबत काम करताना: आधी तोडणीचं वेळापत्रक, मग औषधांची यादी

आसाम किंवा उत्तर बंगालात छोट्या चहा उत्पादकांना सुरक्षित शेतीकडे वळवायचं काम बहुतेक एकाच ठिकाणी अडतं. प्रशिक्षक पहिल्याच बैठकीत बंदी असलेल्या औषधांचा तक्ता भिंतीला लावतो. शेतकरी माना डोलावतात. पुढच्या आठवड्यात पानं तांबूस दिसू लागली की दुकानदार देईल ते पंपात जातं. तक्ता बरोबर असतो, पण तो फार लवकर लागलेला असतो.

हा लेख संस्थेतर्फे, कंपनीतर्फे किंवा गटाच्या कामासाठी तिकडे जाणाऱ्या मराठी कार्यकर्त्यांसाठी आहे. टी बोर्डाच्या (केंद्र सरकारच्या चहा मंडळाच्या) व्याख्येत १०.१२ हेक्टरपर्यंत बाग असलेला तो छोटा उत्पादक. प्रत्यक्षात तुमच्यासमोर बसणाऱ्या बहुतेकांकडे एक-दोन हेक्टर किंवा त्याहूनही कमी जमीन असेल. त्याचा स्वतःचा कारखाना नसतो. तो ओलं पान बॉट लीफ कारखान्याला, म्हणजे दुसऱ्यांचं पान विकत घेऊन चहा बनवणाऱ्या कारखान्याला, विकतो, बऱ्याचदा मध्ये एजंट असतो.

कामाला लागण्याआधी दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. चहाचं पान तोडल्यापासून तुमच्या कपात पडेपर्यंत कुठेही धुतलं जात नाही. आणि साधारण साडेचार किलो ओल्या पानातून एक किलो तयार चहा निघतो, म्हणजे पाणी उडून जातं आणि पानावर जे राहिलंय ते दाट होतं. नाशिकच्या द्राक्षवाल्याला फवारणी आणि काढणी यांतलं अंतर नवीन नाही, पण त्याची काढणी हंगामातून एकदा येते. चहात ती दर आठवड्याला येते. पुढचे सगळे टप्पे या एका फरकातून निघतात.

## टप्पा १: गावात जाण्याआधीची तयारी

सुरुवात डिसेंबर-जानेवारीत करा. तेव्हा तोडणी बंद असते, छाटणी चालू असते आणि माणसांना बोलायला वेळ असतो. उत्तरेकडच्या बागांसाठी टी बोर्ड आता तोडणीची शेवटची तारीखही जाहीर करतं; २०२४ साली ती ३० नोव्हेंबर होती. जुलैत, पान धो धो येत असताना, बैठक बोलावली तर चार म्हातारे आणि एजंटचा माणूस येईल.

पहिल्या बैठकीआधी एवढी माहिती गोळा करा:

- पान कोणाला जातं? थेट कारखान्याला, गटामार्फत, की एजंटला? एजंट असेल तर तो किती जणांचं पान एकत्र करतो?
- औषध कुठून येतं? त्या दुकानात जा आणि फळीवर काय आहे ते बघून या. शेतकऱ्याचा खरा सल्लागार तिथे बसलेला असतो, आणि बरेचदा एजंट आणि दुकानदार एकच असतो. तसं असेल तर उधारीचा हिशोबही एकच असतो. औषध बदला म्हणणं म्हणजे उधारी बदला म्हणणं आहे, हे समजून बोला.
- फवारणी कोण करतं आणि तोडणी कोण करतं? फवारणी बहुतेक पुरुष मजूर करतात, तोडणी बायका. बैठकीला मात्र मालक येतो.
- भाषा कोणती? मालकाशी असमिया, बोडो किंवा बंगालीत काम चालेल, पण पान तोडणाऱ्या बायका बऱ्याच ठिकाणी सादरी बोलतात. तुमचं हिंदी दोन्हीकडे अर्धंच पोचतं. गावातली एखादी बाइदेउ (ताई) दुभाषी म्हणून सोबत घ्या.

जमिनीचं मापही आत्ताच पक्कं करा. आसामातला बिघा १४,४०० चौरस फुटांचा, म्हणजे आपले सव्वातेरा गुंठे. एका हेक्टरात साधारण साडेसात बिघे बसतात. बिहार-उत्तर प्रदेशातला बिघा वेगळा आहे. दुसरीकडचं प्रशिक्षण साहित्य जसंच्या तसं वापरलं की औषधाची मात्रा इथेच चुकते.

तपासून घ्या: प्रत्येक बागेचा हाती काढलेला नकाशा तयार आहे का? त्यावर चर, सावलीची झाडं, रस्ता, शेजाऱ्याचं शेत आणि पाण्याची जागा दाखवलेली हवी.

## टप्पा २: हिवाळ्यातली कामं, ज्यातून अर्ध्या फवारण्या वाचतात

पाणी. चहाला पाऊस हवा, पण मुळाशी पाणी साचलेलं अजिबात चालत नाही. भूजल पातळी जमिनीखाली ९० सेंटिमीटरच्या वर येता कामा नये. अनेक छोट्या बागा जुन्या भातखाचरांवर लावलेल्या आहेत, तिथे हे आपोआप होणार नाही. झाडं पिवळी, पानांवर नारिंगी-तांबूस मखमली ठिपके, फांद्या वाळताहेत, ही तांबेऱ्यासारखी दिसणारी लक्षणं प्रत्यक्षात शेवाळाची असतात आणि ती कमजोर झाडावर येतात. शेतकरी तिथे बुरशीनाशक मारत राहतो. आधी चर उपसा.

सोनितपूर, उदालगुडी अशा भागांत बागांमधून हत्ती जातात. खोल, उभ्या कडांच्या चरात हत्तीची पिल्लं पडून अडकतात. हत्तींची वाट जिथून जाते तिथे चराच्या कडा उतरत्या ठेवा.

माती. नमुना छाटणीच्या काळात, खत टाकण्याआधी घ्या. खत पडल्यावर लगेच घेतलेला नमुना फुकट जातो. चहाला सामू (pH) ४.५ ते ५.५ लागतो. हे ऐकून आपल्याकडचा कृषी पदवीधर दचकतो, कारण विदर्भ-मराठवाड्यात सामू साडेसातच्या वर बघायची सवय असते. ‘माती आम्लधर्मी आहे, चुना टाका’ असा सल्ला सवयीने देऊ नका. सामू ४.५ च्या खाली गेला असेल तरच, आणि अहवालात सांगितलेल्या मात्रेत, डोलोमाइट (एक प्रकारची चुनखडीची भुकटी) टाका.

छाटणीचा पाला. तो जागेवरच राहू द्या. गावात तो सरपणाला नेतात आणि त्याबरोबर बागेचं सेंद्रिय खतही चुलीत जातं. जाड काटक्या नेऊ द्या, पानं आणि बारीक फांद्या ओळीत पसरून ठेवा. सरसकट ‘काहीच न्यायचं नाही’ म्हणालात तर कोणी ऐकणार नाही. चूल पेटवायची असतेच.

सावली. शिरीष जातीच्या झाडांची सावली तुटलेल्या जागी लाल कोळी ही कीड आधी येते. रोपं पावसाच्या तोंडावर लावा, पण जागा आत्ताच खुणा करून ठेवा.

इशारा: फेब्रुवारी-मार्चमधली पहिली पालवी बघून शेतकरी कोरड्या जमिनीवर युरिया फेकतो. जमिनीत पुरेशी ओल येईपर्यंत थांबायला सांगा आणि एकदम न देता हप्त्यांनी द्या. युरियाने माजलेली लुसलुशीत पालवी रस शोषणाऱ्या किडींना आवडते.

## टप्पा ३: तोडणीचं वेळापत्रक

याच टप्प्यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा.

दोन पानं आणि एक कळी असं चांगलं पान हवं असेल तर तोडणीची फेरी साधारण सात दिवसांची असते. टी बोर्डाच्या पीक संरक्षण संहितेत फवारणी आणि तोडणी यांत किमान सात दिवसांचं अंतर सांगितलं आहे. काही औषधांच्या लेबलवर ते त्याहून जास्त असतं. आता दोन्ही आकडे शेजारी ठेवा. सात दिवसांच्या फेरीत सात दिवसांचा प्रतीक्षा काळ जेमतेम बसतो, तोही तोडणी झाल्याबरोबर फवारणी झाली तरच.

उदाहरण घ्या. सोमवारी एका तुकड्यात तोडणी झाली. मंगळवारी सकाळी फवारणी झाली. मंगळवार ते मंगळवार सात दिवस पूर्ण होतात, म्हणून पुढची तोडणी बुधवारी. त्या तुकड्याची फेरी या वेळी नऊ दिवसांची झाली. शेतकऱ्याने मात्र फवारणी गुरुवारी केली आणि तोडणी नेहमीसारखी सोमवारी केली, तर मधे फक्त चार दिवस राहिले. त्याने औषध योग्य निवडलं, मात्रा योग्य घेतली, तरी पान नापास. औषधाच्या अवशेषांच्या तपासणीत अडकणारी बरीच पानं अशीच असतात, आणि तो शेतकरी प्रामाणिकपणे सांगतो की मी बंदीचं काही मारलं नाही.

हे बसवण्याची पद्धत अशी:

1. बाग दोन-तीन तुकड्यांत वाटा. एका दिवसात उपलब्ध बायका जेवढं तोडू शकतील तेवढा एक तुकडा. तुकड्यांना नावं शेतकऱ्यालाच देऊ द्या: पुकुरकडचा (तळ्याकडचा), रस्त्याकडचा, घरामागचा.
2. भिंतीवर मोठं कॅलेंडर लावा. तोडणीचे दिवस हिरव्या रंगाने आधीच भरा.
3. नियम एकच: फवारणी फक्त हिरव्या दिवसाच्या संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी. नंतर नाही. कीड मधेच वाढली तर तोडणी लवकर उरका आणि मग फवारा.
4. फवारणी झाली की त्या तुकड्यावर लाल फुली आणि ‘कधीपासून तोडायचं’ ती तारीख लिहा.
5. त्याच वेळी बागेत त्या तुकड्याच्या तोंडाशी लाल कापड बांधा. पान तोडणाऱ्या बायका कॅलेंडर बघायला घरात येत नाहीत.

चौदा दिवस थांबावं लागणारं औषध असेल तर एक फेरी जाते, पान जून होतं आणि भाव पडतो. शेतकरी ते सोसणार नाही, हे गृहीत धरा. म्हणून असं औषध पूर्ण तुकड्यावर न मारता फक्त लागण झालेल्या झाडांवर मारायचं, ती झाडं खुणेने वेगळी ठेवायची आणि त्यांचं पान त्या फेरीत तोडायचं नाही.

पाऊस आला आणि औषध धुऊन गेलं म्हणून पुन्हा फवारणी केली, तर दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. पावसाने औषध गेलं म्हणजे पान साफ झालं, हा हिशोब कोणी मांडला तर तिथेच थांबवा.

तपासून घ्या: घरातल्या कोणालाही विचारा, रस्त्याकडच्या तुकड्यात पुढची तोडणी कधी? उत्तर मालकाशिवाय मिळत नसेल तर हा टप्पा अजून झालेला नाही.

## टप्पा ४: कीड ओळखणं, आणि हाताने होणारी कामं

दर आठवड्याला तोडणीच्या दिवशीच बाग बघायची. हे काम पान तोडणाऱ्या बायका सगळ्यात चांगलं करतात, कारण प्रत्येक झाडावर त्यांचा हात फिरतो. त्यांना प्रशिक्षणाला बोलवा आणि त्या दिवसाची मजुरी द्या.

तीन किडी पक्क्या ओळखता आल्या तरी बरंच काम होतं.

लाल कोळी कोरड्या, उबदार दिवसांत येतो. जुन्या पानांच्या वरच्या बाजूला शिरेजवळ ठिपके पडतात आणि पान तांबूस होतं. रस्त्याच्या धुळीत माखलेल्या ओळी आधी सापडतात. सुरुवात चार-दहा झाडांपासून होते. तेवढीच झाडं खुणा करून फवारली तर बाग वाचते. गुरं बागेत सोडू नका, त्यांच्या अंगाला लागूनही कोळी पसरतो.

दुसरी कीड म्हणजे आपला ढेकण्या. कोकणात काजूच्या मोहोरावर येतो त्याच्याच कुळातला. कोवळ्या पानावर गोल तपकिरी डाग पडतात आणि पान आकसतं. तो सकाळी लवकर आणि संध्याकाळी बाहेर असतो. भर दुपारी केलेली फवारणी त्याला लागत नाही, तुम्हाला मात्र लागते. अंडी तो कोवळ्या काडीत घालतो, म्हणून लागण असलेल्या भागात डागाळलेल्या कोवळ्या फांद्या काटेकोर खुडून काढणं हाच मोठा उपाय. फवारणी करावीच लागली तर बाहेरच्या कडेपासून आत या. आतून बाहेर गेलात तर किडे शेजाऱ्याकडे जातात आणि चार दिवसांनी परत येतात.

उंटअळीचे पतंग दिवसा सावलीच्या झाडांच्या खोडांवर बसलेले असतात. मुलांना वेचायला लावतात, ते ठीक आहे. पण फवारलेल्या तुकड्यात मुलं नकोत. प्रकाश सापळे लावायचे तर सगळ्या गावाने एकाच वेळी लावा.

इशारा: पान तांबूस दिसलं की कोळी, असा थेट निष्कर्ष काढू नका. निचरा नसलेल्या जागेतही पान लालसर होतं. भिंगातून बघा. कोळी दिसला पाहिजे.

## टप्पा ५: औषध निवडणं

आता तो तक्ता काढा. निवडताना तीन प्रश्न, याच क्रमाने.

पहिला: हे औषध टी बोर्डाच्या संहितेतल्या चालू यादीत आहे का? यादी बदलत राहते, म्हणून गेल्या वर्षीचा छापील कागद चालणार नाही. दुसरा: लेबलवर ‘चहा’ हे पीक लिहिलंय का? भातासाठी किंवा भाजीसाठी परवानगी असलेलं औषध चहावर आपोआप चालत नाही. घरात भाताची उरलेली बाटली असते आणि तीच चहावर जाते, हे नेहमीचं. तिसरा: प्रतीक्षा काळ आपल्या फेरीत बसतो का?

ज्या औषधासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला अन्न सुरक्षा प्राधिकरणाची सरसकट मर्यादा लागते: किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम. शंभर टन चहात एक ग्रॅम. म्हणजे ‘थोडंसंच मारलं’ याला काही अर्थ उरत नाही.

बिनलेबलच्या ‘जैविक’ बाटल्या घेऊ नका. दुकानदार म्हणतो शंभर टक्के हर्बल, आणि दोन तासांत कीड मरून पडते. निंबोळीचं कोणतंही औषध असं वागत नाही. बिल मागा. बिल देत नसेल तर बाटली तिथेच ठेवून या.

दोन-तीन औषधं एकत्र करून मारायची सवय मोडायला वेळ लागेल. एक कीड, एक औषध, आणि पुढच्या वेळी वेगळ्या गटातलं औषध.

## टप्पा ६: फवारणीचा दिवस

आधी साध्या पाण्याने मोजणी करा. फवारणाऱ्याला नेहमीच्या चालीने एक बिघा फवारू द्या आणि किती पंप लागले ते बघा. समजा साडेतीन पंप लागले. लेबल म्हणतं हेक्टरी ५०० मिली, म्हणजे बिघ्याला सुमारे ६७ मिली, म्हणजे पंपाला १९ मिली. हा आकडा पंपावरच ऑइल पेंटने लिहून ठेवा, पण फक्त त्या औषधापुरता. मोजायला मापाचं भांडं द्या. बाटलीच्या झाकणाने मोजणं बंद.

कीटकनाशकाला बारीक शंकूसारखा फवारा देणारा नोझल लागतो. तणनाशकाचा पंप पूर्ण वेगळा ठेवा. त्याहून बरं म्हणजे ओळींतलं तण विळ्याने कापून तिथेच आच्छादन करा.

चहाचं झाड कमरेइतकं आणि दाट. फवारणारा ओल्या पानांना घासत चालतो, त्यामुळे मांड्या आणि पोट आधी भिजतं. मास्कवर सगळा भर देणारी प्रशिक्षणं हे विसरतात. कमरेपासून घोट्यापर्यंत प्लास्टिकचा एप्रन, गमबूट, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, चष्मा, मास्क. पान तोडणाऱ्या बायकाही कमरेला प्लास्टिक बांधतात. तेच प्लास्टिक दोघांनी वापरायचं नाही. तोंडाला गामोसा (आसामी पंचा) बांधला तर तो औषधाने भिजतो आणि तसाच चेहऱ्याला चिकटून राहतो.

तामूल-पान (सुपारी आणि विड्याचं पान) हा इथला खास धोका आहे. फवारणारा मधेच थांबतो, कमरेची पुडी काढतो आणि त्याच हाताने सुपारी तोंडात टाकतो. पुडी घरीच ठेवून यायची, काम संपल्यावर साबणाने आंघोळ, मग तामूल.

वारा येतो त्या बाजूला पाठ करून फवारा. अठरा वर्षांखालील मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका यांना औषध कालवायलाही लावू नका. रिकामी बाटली तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओता, बाटलीला भोकं पाडा. तिच्यात घरातलं तेल भरलेलं दिसलं तर गप्प बसू नका.

घाम, लाळ, उलट्या, बाहुल्या टाचणीएवढ्या होणं, हातपाय थरथरणं: काम बंद. कपडे काढा, साबण-पाण्याने अंग धुवा, उलटी करवू नका. १०८ ला फोन करा. औषधाची बाटली किंवा लेबल सोबत दवाखान्यात न्या. डॉक्टरला आधी तेच लागतं.

## टप्पा ७: पान, वही आणि तपासणी

पान युरियाच्या रिकाम्या गोणीत भरायचं नाही. जाळीच्या पिशव्या वापरा, दाबून भरू नका, सावलीत ठेवा. दाबलेलं पान तापतं आणि लाल पडतं.

वहीत पाच रकाने पुरेत: तारीख, तुकडा, कीड, औषध आणि मात्रा, तोडणी कधीपासून. आमच्याकडची मंडळी पंधरा रकान्यांचे फॉर्म छापतात. ते तपासणीच्या आदल्या रात्री एका बसणीत भरले जातात. पाचच ठेवा, पण त्या दिवशीच भरा.

एजंट दहा जणांचं पान एकत्र करत असेल तर नऊ जणांची मेहनत दहाव्याच्या हातात असते. म्हणून गट एजंटच्या फेरीप्रमाणे बांधा, वाडी किंवा नात्याप्रमाणे नाही. एजंटलाही बैठकीत बसवा. २०२४ मध्ये आसामातल्या बॉट लीफ कारखान्यांनी १ जूनपासून छोट्या उत्पादकांचं पान न घेण्याचा इशारा दिला होता, तो औषधांच्या अवशेषांच्याच कारणावरून. पान बंद झालं तर कमिशनही बंद, हे त्याला तुमच्या आधी कळलेलं असतं.

## नमुना नापास झाला तर

तोंडी निरोपावर विश्वास ठेवू नका, अहवालाची प्रत मागा. कोणतं औषध, किती प्रमाणात, कोणत्या तारखेचं पान, हे तिन्ही बघा. मग वही काढा.

औषध वहीत असेल तर दिवस मोजा, मग मात्रा. बहुतेक वेळा चूक दिवसांतच सापडते.

औषध वहीत नसेल तर शेतकऱ्याला लगेच खोटं ठरवू नका. शेजारच्या भातावरून किंवा बागेतून उडून आलं का, ते नकाशावर वाऱ्याची दिशा धरून बघा. तसं असेल तर कडेच्या दोन ओळींचं पान वेगळं तोडायला लावा. बाटलीत लेबलपेक्षा वेगळं काही होतं का, यासाठी उरलेलं औषध बिलासह बाजूला ठेवा. आणि पान एजंटच्या गाडीत मिसळलं का, हे कळायला पुढच्या फेरीचा नमुना बागेतूनच घ्या, मालक आणि एजंट दोघांसमोर. तो नमुना साफ निघाला तर पुढचं बोलणं एजंटशी करायचं, मालकाशी नव्हे.